स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची वरची ३२ के मेमरी गेलीय: चिप बदलावी, मॉड्यूल बसवावं की मागे रॅम पॅक लावावा?

गणपतीत गुहागरवरून मामेभावाचा फोन आला, दादा माळ्यावर काकांचा जुना स्पेक्ट्रम सापडला रे, टीव्हीला लावला तर खाली १९८२ सालची कॉपीराइटची ओळ येते, बेसिक पण चालतं, पण मोठा गेम लोड करायला घेतला की 'रॅमटॉप नो गुड', म्हणजे मागितलेल्या पत्त्यापर्यंत मेमरीच नाही, म्हणून थांबतो. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून परवान्यावर स्पेक्ट्रम प्लस विकला होता, त्यामुळे अशी मशीनं अजून कुणाकुणाच्या घरात निघतात, आणि किनाऱ्यालगतच्या घरात निघालं तर प्रश्न बहुतेक मेमरीचा नाहीतर गंजाचा असतो. त्याला जे समजावलं तेच इथे नीट लिहितोय, कारण तीन रस्ते आहेत आणि चुकीचा निवडला तर चांगलं मशीन हकनाक जातं.

आधी खात्री करा की मेमरीच गेलीय. ४८ के च्या मशीनमध्ये मेमरीचे दोन भाग असतात, खालची १६ के आणि वरची ३२ के. मशीन चालू केल्या केल्या टाईप करा, प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणे. ६५५३५ आलं तर मशीनच्या मते ४८ के पूर्ण आहे, ३२७६७ आलं तर त्याला फक्त खालची १६ के दिसतेय, आणि मधलाच कुठला आकडा आला तर त्याच्या पुढच्या पत्त्यावर काहीतरी बिघडलंय. पण ६५५३५ दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. रॉम, म्हणजे मशीनमधला कायमचा प्रोग्राम, चालू होताना मेमरीत सगळीकडे २ लिहितो आणि मग तो एकेकाने कमी होऊन शून्यावर येतो का एवढंच बघतो, त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादा कायमचा शून्यावर अडकला असेल तर तो या तपासणीत सापडतच नाही. मशीन ४८ के सांगतं आणि गेम मात्र मध्येच कोसळतो. म्हणून पोकने, म्हणजे पत्त्यावर आकडा लिहिणाऱ्या आज्ञेने, ४०००० या पत्त्यावर एकदा ० टाका, एकदा २५५ टाका, दोन्ही वेळा पीक करून बघा. भावाच्या मशीनवर ० टाकला तर ८ परत येत होता, २५५ मात्र बरोबर येत होता, म्हणजे एकच बिट वर अडकलेला. वरच्या मेमरीच्या चिपा आयसी १५ ते २२, एका चिपेकडे एक बिट, त्यामुळे दोषी चिप तिथेच कळते. सगळेच बिट वेडेवाकडे येत असतील तर चिपांना दोष देऊ नका, पत्ता दोन भागांत करून त्यांना देणाऱ्या आयसी २५ आणि २६ म्हणजे दोन ७४एलएस१५७ आधी तपासा.

आता पहिला रस्ता, चिप बदलणे. मूळच्या चिपा ४५३२ प्रकारच्या, म्हणजे ६४ के च्याच पण अर्धा भाग नापास झालेल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून लावलेल्या, आणि कुठला अर्धा भाग चांगला ते बोर्डवरच्या एका तारेने ठरतं. तशीच जुनी ४५३२ शोधत बसू नका, पूर्ण चांगली ४१६४ घ्या, ती तार कशीही असली तरी चालते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चौकशी करा, नाहीतर जुन्या पीसी एक्सटीच्या मेलेल्या बोर्डवरून काढा. काढताना जुनी चिप वाचवायला जाऊ नका, पाय कटरने कापा, मग एकेक पाय गरम करून उचला, कारण या बोर्डचे पॅड नाजूक असतात आणि खाऱ्या हवेत तीस पस्तीस वर्षं राहिले असतील तर आणखीच. एक बिट गेला असेल तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. सोल्डरिंगचा हात मात्र हवा, पहिल्यांदाच करत असाल तर रेडिओ टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुणाकडून करून घ्या.

दुसरा रस्ता मॉड्यूल. ६२२५६ नावाची एकच स्टॅटिक रॅम ३२ के बाइट धरते, म्हणजे वरच्या आठ चिपांचं काम एकटी करते, सारखा डेटा पुन्हा भरत राहायची, म्हणजे रिफ्रेशची भानगड नाही, करंट कमी, त्यामुळे आतला ७८०५ रेग्युलेटरही जरा थंड राहतो, आणि मे महिन्यातल्या उकाड्यात हे मला महत्त्वाचं वाटतं. पण आठही चिपा काढाव्या लागतात, म्हणजे १२८ पाय, आणि बसवायची पद्धत बनवणाऱ्यागणिक वेगळी. तीन चार चिपा गेल्या असतील तर हाच घ्या. एका चिपेसाठी १२८ भोकं मोकळी करणं मला पटत नाही.

तिसरा, मागे लावायचा रॅम पॅक. कुठे सोल्डर नको म्हणून सगळ्यांना आधी हाच आवडतो, मला किनाऱ्यावर सगळ्यात कमी आवडतो. एक तर तो मुळात १६ के च्या मशीनसाठी आहे, ४८ के च्या मशीनमध्ये आतल्या खराब चिपा तशाच ठेवून लावला तर दोघं एकाच डेटा लाइनवर एकमेकांविरुद्ध ओढतात. दुसरं, मागच्या कनेक्टरला २८ च्या दोन ओळी, त्यातली एक जागा खाचेची, म्हणजे ५४ जागी उघड्या पट्टीला पत्रा टेकतो, आणि समुद्राचा वारा लागलेल्या तांब्यावर हिरवा थर चढायला एक पावसाळा पुरतो. झेडएक्स८१ या स्पेक्ट्रमच्या आधीच्या मशीनचा १६ के पॅक जरा हलला की मशीन अडकायचं हे जुन्या लोकांना आठवत असेल, ते तर कोरड्या हवेतसुद्धा व्हायचं. आणि चालू मशीनचा पॅक कधीच काढू घालू नका. मी एकदा काढला होता, आतला व्होल्टेज तयार करणारा टीआर४ ट्रान्झिस्टर गेला आणि त्याच्यासोबत खालच्या मेमरीच्या दोन चिपा. खरंच १६ के चं मशीन असेल, बोर्ड जसाच्या तसा ठेवायचा असेल आणि तुम्ही घाटावर राहत असाल तर पॅक घ्या, दर वेळी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून.

खालची १६ के गेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॉपीराइटची ओळच येत नाही, पडद्यावर पट्टे नाहीतर चौकोन दिसतात. तिथे ४११६ चिपा आहेत, त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, म्हणून चिप बदलायच्या आधी मीटरने पिन १ वर −५, पिन ८ वर +१२ आणि पिन ९ वर +५ बघा. −५ नसताना नवी चिप लावली तर तीही जाईल. आणि खालच्या जागी ४१६४ लावू नका, तिचा ५ व्होल्टचा पाय पिन ८ आहे आणि इथे तिथे १२ येतात. इथे मात्र मी सरळ स्टॅटिक मॉड्यूलच सुचवतो, १२ आणि −५ वर मेमरी अवलंबूनच राहत नाही.

सॉकेटचं काय, हे भावानेही विचारलं. पुण्यात असतो तर मी गोल पिनांचं सॉकेट लावून त्यात चिप बसवली असती, पुढच्या वेळी बदलायला सोपं. गुहागरात घरापासून समुद्र तीन मिनिटांवर, तिथे जितक्या टेकून राहणाऱ्या जागा कमी तितकं बरं, म्हणून एकदा दुसऱ्या बोर्डवर तपासलेली ४१६४ सरळ सोल्डर केली. चालू करायच्या आधी अॅडॉप्टरही बघितला, ९ व्होल्ट आणि मधला पोल निगेटिव्ह, बाजारातले बरेचसे उलटे असतात, ते लावू नका.

६५५३५ आलं. मग ४०००० वर ० आणि २५५ दोन्ही बरोबर आले. आता तो ते मशीन घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी पुड्या तव्यावर मंद गरम करून परत घालतो.