अल्बम डार्क येतो? आधी मॉनिटर बघा

लग्नाचा सीझन लागला की अल्बम प्रिंट करणाऱ्या लॅबच्या काउंटरवर एकच तक्रार ऐकू येते: स्क्रीनवर तर मस्त दिसत होतं, प्रिंट डार्क कशी आली? लॅबशी भांडण्याआधी आपला मॉनिटर किती ब्राइटनेसवर चालतो, ते बघावं. नवा मॉनिटर बहुधा दुकानातल्या झगमगाटात उठून दिसेल असाच सेट होऊन येतो. अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडद्यावर चेहरे जास्तच उजळ वाटतात, म्हणून एडिटर एक्स्पोजर खाली ओढतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे तिथे तोच फोटो काळवंडतो.

अल्बम, फ्लेक्स, लोगो, यूट्यूबचं एडिटिंग अशा कामासाठी पंधरा ते पंचवीस हजारांत मॉनिटर हवा असेल, तर आमची पहिली पसंती आसुस प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही. दिसायला साधा, गेमिंगवाल्यांना अळणी वाटेल असा. २४.१ इंची आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं), १९२० × १२०० रिझोल्यूशन, १०० टक्के एसआरजीबी (फोटो आणि वेबसाठी ठरलेली रंगांची प्रमाणित मर्यादा), आणि कारखान्यातच कॅलिब्रेशन, म्हणजे रंगांची जुळणी. त्याचा रिपोर्ट खोक्यात येतो, तो फेकू नका. डेल्टा ई २ पेक्षा कमी, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे खरा रंग आणि पडद्यावरचा रंग यांतला फरक डोळ्याला सहजी कळू नये इतका. मेनूत मात्र एसआरजीबी मोड निवडायला हवा, नाहीतर त्या कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही.

१६:१० (रुंदी:उंची) हा आकार या मॉनिटरची खरी मजा आहे. फुल एचडी व्हिडिओ पिक्सेलला पिक्सेल दाखवूनही खाली १२० ओळी उरतात, प्लेयरची बटणं तिथे मावतात. फोटोशॉपमध्ये लेयर्सची यादी थोडी जास्त लांब दिसते. स्टँड वर-खाली होतो, पडदा उभाही फिरतो, मागे भिंतीवर किंवा आर्मवर बसवण्यासाठी १०० × १०० मिमीची वेसा छिद्रं आहेत आणि चार पोर्टचा यूएसबी हबही आहे.

उणिवाही ऐका. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) १०००:१, म्हणून रात्री दिवे मालवून बसलात तर काळा रंग करडा दिसतो. स्पीकर नावापुरते. आणि पिक्सेलची घनता इंचाला साधारण ९४. अल्बमची बारा बाय छत्तीस इंचांची शीट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १०८०० पिक्सेल रुंद होते. शंभर टक्के झूमवर या पडद्यात तिचे जेमतेम साडेसहा इंच मावतात. अख्खी शीट बघायची तर झूम सतरा टक्क्यांवर येतो. पापण्यांची शार्पनेस तिथे ठरवू नका, ती शंभर टक्क्यांवरच बघायची.

जागा आणि बजेट असेल तर याचाच मोठा भाऊ पीए२७८क्यूव्ही घ्या: २७ इंच, २५६० × १४४०, घनता १०९ च्या आसपास. पण २७ इंचात साधा फुल एचडी घेऊ नका. तिथे घनता ८२ वर घसरते, अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात आणि मास्क काढताना डोळे दुखतात. स्वस्त फोर-केचा मोहही आवरा. एसआरजीबीचा आकडा कमी असेल तर तो चुकीचा रंगच जास्त बारकाईने दाखवतो, आणि एचडीएमआय १.४ वाल्या जुन्या लॅपटॉपवर ३० हर्ट्झलाच अडकतो. व्हीए या दुसऱ्या जातीच्या पॅनेलचे वक्र मॉनिटर सिनेमासाठी छान, पण डोकं जरा हललं की गडद भागातल्या छटा बदलतात. काळ्या शेरवानीतलं भरतकाम एडिट करताना हे फार नडतं.

बॉक्सवर ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांचं आणखी एक माप) लिहिलेलं दिसलं तर तो जवळपास ६३ टक्के एसआरजीबी समजा आणि पुढे चला. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. अडीचशे निट्सच्या मॉनिटरवरचं ‘एचडीआर’ (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवण्याची सोय) हे नुसतं स्टिकर.

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात बघायला जाणार असाल तर पेन ड्राइव्हमध्ये सहा फाइल न्या: पूर्ण काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी आणि मधल्या करड्या रंगाची. दुकानदाराला म्हणा, भाऊ, डेमो पीस नको, सीलबंद खोका समोर उघडा. पहिल्या पाच फाइलींवर डेड पिक्सेल कळतात. करड्यावर एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट दिसली तर तो पीस परत करा. असा दोष कॅलिब्रेशनने जात नाही. कोपऱ्यातून उजेड गळतो का, ते डोळ्यांनीच बघा, मोबाईलचा कॅमेरा ते फार वाढवून दाखवतो. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

घरी आणल्यावर व्हीजीए केबल नको, शक्यतो डिस्प्लेपोर्ट वापरा. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग धुरकट दिसला तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’वर असते; ती ‘फुल’ करा. अर्धा तास मॉनिटर तापू द्या आणि मगच ब्राइटनेस लावा. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) असेल तर डी६५ (पांढऱ्याची प्रमाणित छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) आणि १०० निट्सच्या आसपास ठेवा. नसेल तर टेबलावरच्या दिव्याखाली कोरा ए-फोर धरा, शेजारी स्क्रीनवर पांढरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जा. पहिले दोन दिवस सगळं मिणमिणतं वाटेल. नंतर सवय होते.

आता खोली. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीवर हिरवी नेट लागते, आणि तिच्यातून येणारा उजेडही हिरवट असतो. डोळा त्याला सरावला की स्क्रीनवरचे चेहरे उगाच गुलाबी वाटतात, एडिटर टिंट हिरव्याकडे सरकवतो आणि अल्बममध्ये नवरी आजारी दिसते. एडिटिंगच्या खिडकीला जाड करडा पडदा लावा, भिंतही शक्यतो करडी किंवा पांढरी ठेवा. कूलरचा झोत मॉनिटरच्या मागच्या जाळीवर येऊ देऊ नका; ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. बहुतेक मॉनिटरसाठी चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, तेव्हा मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखालच्या स्टुडिओत तो तासन्‌तास चालू ठेवणं बरं नाही. कूलरची मोटर ज्या बोर्डावर असेल त्यावर मॉनिटर लावू नका, त्याला यूपीएस द्या.

मग नेहमीच्या लॅबकडून एकच आठ बाय बाराची प्रिंट काढा, तीत नवरीचा चेहरा, पांढरा शेला आणि काळा कोट तिन्ही हवेत. लॅबला ‘ऑटो करेक्शन बंद’ असं आवर्जून सांगा, फाइल एसआरजीबी जेपीईजी द्या. प्रिंट आली की त्याच दिव्याखाली स्क्रीनशेजारी धरा. अजूनही डार्क वाटली तर फोटोला हात न लावता मॉनिटरचा ब्राइटनेस आणखी पाच अंकांनी उतरवा.