स्कूबाचं सामान: ऑनलाइन की दुकानातून?

मालवणात डायव्हिंग शिकून आलेला भाचा विचारतोय, सामान ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ? कोल्हापूरकराला दुकानासाठी मुंबई नाहीतर गोवा गाठावा लागतो; ऑनलाइन घरबसल्या आणि बहुधा स्वस्त.

मास्कसाठी, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या चष्म्यासाठी, मात्र तो फेरा घालाच. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा. हात सोडूनही चिकटून राहिला तर बसला. मिशी असेल तर जास्तच नीट बघा, तिथूनच पाणी शिरतं. फोटोवरून हे कसं कळणार?

रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र; त्यावर तर पाण्याखालचा श्वास अवलंबून. सर्व्हिसिंग कोण करणार, पार्ट कुठं मिळणार हे समोरासमोर विचारूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्नॉर्कल (पृष्ठभागावर पोहताना श्वास घ्यायची नळी), जाळीची पिशवी खुशाल ऑनलाइन. वर्षातून एकदाच उतरणाऱ्यानं मास्क तेवढा स्वतःचा घ्यावा, बाकी सगळं भाड्यानं.