४८ अंड्यांची थर्माकोलची उबवणी पेटी: गोव्याच्या पावसात पाणी घालू नका

थर्माकोलची पेटी, झाकणात हीटर आणि पंखा, बाहेर तापमानाचा डिजिटल आकडा, आत अंडी आपोआप कलती करणारा ट्रे. खुडूक कोंबडीची वाट न पाहता घरी दहा-बारा गावठी पिल्लं काढायला एवढं यंत्र पुरतं, आणि तापमानही ते बरं सांभाळतं. पण पहिल्या दिवसापासून तळातल्या पाण्याच्या दोन्ही खाचा भरायची यंत्रासोबतची सूचना गोव्यात पाळली, तर पावसाळ्यात पिल्लं अंड्यातच मरतील.

जून ते चतुर्थी खोलीत २८ अंश तापमान आणि ८५-९० टक्के आर्द्रता असते. तीच हवा पेटीत ३७.५ अंशांवर तापली की आर्द्रता आपसूक ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. पहिल्या १८ दिवसांना ४५ ते ५५ टक्केच हवी, म्हणजे थेंबभरही पाणी लागत नाही. तरी ओतलं, तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, बोथट टोकाची हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू चोच मारण्याआधीच गुदमरतं. २१ दिवस उलटूनही कवच अखंड आणि आत पिल्लू तयार, असं दिसलं तर बहुधा कारण हेच. जानेवारीत मात्र खोलीतली सुकी हवा तापून तीसेक टक्क्यांवर येते. तेव्हा एक खाच भरलेली ठेवा. खात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर होते: ठेवताना ४५० ग्रॅम भरलेली दहा अंडी १८व्या दिवशी ३९५ ग्रॅमच्या जवळपास भरली पाहिजेत.

पेटीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सेन्सर पंख्याजवळ लोंबतो, अंडी खाली असतात. पेटी रिकामीच २४ तास चालवा आणि अंड्यांच्या उंचीवर तापाचा डिजिटल थर्मामीटर धरून फरक पाहा. आर्द्रतामापक तपासायला वाटीत ओलसर मीठ घ्या, दोन्ही बंद डब्यात आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा.

ट्रे हा कच्चा दुवा. खाचा पोल्ट्रीच्या अंड्याच्या मापाच्या, त्यामुळे लहान गावठी अंडं सैल बसतं आणि नीट कलत नाही. बोथट टोक वर ठेवून बाजूला कागदाची घडी खोचा. अंडी मात्र कोंबडा असलेल्या घरचीच घ्या, आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेली, सात दिवसांच्या आतली, न धुतलेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गावठी अंडी खायला उत्तम, पण ती किती दिवसांची आणि किती वेळ उन्हात होती ते कळत नाही. पोल्ट्रीच्या अंड्यांतून तर काहीच निघणार नाही, तिथे कोंबडाच नसतो.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा; स्वच्छ दिसणारं किंवा नुसतं रक्ताचं कडं असलेलं अंडं काढा, नाहीतर ते सडून फुटतं. १८व्या दिवशी ट्रे काढून अंडी खरबरीत रबरी जाळीवर आडवी ठेवा. गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात. आता पाणी भरा, आर्द्रता ६५-७० टक्के करा, हवेची भोकं उघडी ठेवा, झाकण मात्र उघडू नका. चोच मारल्यावर बाहेर यायला २४ तासही लागतात. मदत म्हणून कवच सोलू नका, रक्तस्राव होतो.

वीज गेली तर झाकण बंदच ठेवून पेटी गोधडीत गुंडाळा, भोकं झाकू नका. तास-दोन तास अंडी तग धरतात. पावसात तेवढ्याने भागेलच असं नाही, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी जोडता येणारं मॉडेलच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, चोच मारलेल्या अंड्याला मुंग्या लगेच लागतात.

थर्माकोल धुवायला त्रासदायक, खाचांत पिसांचा भुगा आणि कवचाचा पापुद्रा अडकतो. प्रत्येक खेपेनंतर पातळ ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा, मगच पुढची अंडी ठेवा.