निघण्याआधी काय करावं : एकांत, श्वास की फेरफटका?

संध्याकाळी सातला कुणाकडे जायचं असलं की दुपारी तीनपासून माझं कशात लक्ष लागत नाही. बरेच उपाय करून पाहिले, त्यातले तीन टिकले. पण तिन्ही एकाच दुखण्यावरचे नाहीत. म्हणून आधी स्वतःला विचारा : दमलोय की धास्तावलोय? अंतर्मुख माणूस गर्दीला घाबरतोच असं नाही. पुष्कळदा तो नुसता थकलेला असतो.

थकवा असेल तर एकांत. अर्धा-पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत. (फोन हातात असला तर तो एकांत नव्हे, बिनआवाजाची गर्दी.) आडवं व्हायचं तर वीस मिनिटांचा गजर लावा, गाढ झोप लागली तर उठल्यावर डोकं उलट जड होतं. धास्ती असताना मात्र हा उपाय अंगाशी येतो. कोण भेटेल, काय बोलायचं याची उजळणी सुरू होते आणि ती ‘नकोच जायला’वर येऊन थांबते.

धास्तीवर श्वास बरा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच मिनिटं पुरतात. बेलवर बोट ठेवण्याआधी, जिन्यात उभ्या उभ्याही जमतं. मी तिथेच करते, बुटाची लेस बांधायचं निमित्त काढून. तरीही धडधड थांबली नाही तर तिच्याशी भांडू नका. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या प्रयोगांत लोकांसमोर गाण्याआधी ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती.

फेरफटका दोन्हीवर थोडा थोडा चालतो. दमलोय की घाबरलोय हेच कळत नसेल तर हा निवडा. थोडं अलीकडे उतरून चालत गेलात तर वेगळा वेळही काढावा लागत नाही.

कॉफीचं म्हणाल तर धास्तीवाल्यांनी दुपारची टाळावी. कॅफीन शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

आणि तिन्हीपैकी काहीही निवडा, यजमानांना आधीच सांगून ठेवा : “नऊला निघेन हं.” माझा निम्मा ताण तिथेच उतरतो. गंमत म्हणजे नऊ वाजलेले बऱ्याचदा माझ्या लक्षातही येत नाहीत.