एएसी ब्लॉकच्या 'ग्रीन' प्लांटमध्ये पैसे घालताय? आधी बॉयलर बघा

गोव्यात डिचोली साखळी साइडला कोणी ग्रीन बिल्डिंग मटेरियलच्या प्लांटमध्ये पार्टनर व्हा म्हणून फिरत असेल तर जरा थांबा, माझे ४ लाख त्यात अडकलेत आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे पण. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार दिलीय.

स्कीम अशी की चिऱ्याचे दिवस आता संपले, पुढे सगळे बिल्डर एएसी ब्लॉकच (भिंतीसाठीचे हलके, सच्छिद्र ब्लॉक) घेणार, आम्ही प्लांट टाकतोय, तुम्ही पैसे द्या, महिन्याला अडीच टक्के आणि मुद्दल ३ वर्षांनी, वर कार्बन क्रेडिटचा वाटा वेगळा. बोलणारा मावसभावाच्या ओळखीचा, चतुर्थीला घरी आला, माटोळीखाली बसून नेवऱ्या खात बोलला, आता अशा माणसाकडे कागद कोण मागतो सांगा. सुरुवातीला व्याज अगदी तारखेला यायचं (नवीन लोकांच्याच पैशातून, दुसरं काय). मग कधी ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, कधी पावसात फ्लाय अ‍ॅशचे (कोळशाच्या बारीक राखेचे) ट्रक अडकले, आणि मग फोनच बंद.

प्लांट दाखवला होता बरं का. मोठी शेड, मिक्सर, साचे, बाजूला ब्लॉकची थप्पी. भाचा साइट इंजिनीअर आहे, त्याने नंतर व्हिडिओ बघून एकच विचारलं, मामा बॉयलर कुठाय? एएसीत फ्लाय अ‍ॅश किंवा वाळू, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम पावडर असते, त्या पावडरीने गॅस होऊन माल फुगतो, मग तो कापून ऑटोक्लेव्हमध्ये बॉयलरच्या १८० ते २०० डिग्रीच्या वाफेत कितीतरी तास ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे लांबलचक लोखंडी टाकी, ती काय कपाटात लपत नाही. ती नसेल तर तिथे एएसी बनतच नाही, विषय संपला. थप्पीतले ब्लॉक बाहेरून आणलेले, दुसऱ्या कंपनीचा शिक्का भिंतीकडे करून रचलेले, व्हिडिओत एका कोपऱ्यात दिसतो पण.

म्हणून प्लांट बघायला गेलात तर बॉयलरची नोंदणी मागा, ती आल्तिनोच्या फॅक्टरीज अँड बॉयलर्स खात्याकडे असते. प्रदूषण मंडळाचा परवाना मागा. राख कुठून आणणार ते पण विचारा, कारण गोव्यात कोळशावरचं वीज केंद्रच नाही, राख बाहेरूनच येणार, मग करार दाखवा म्हणावं.

आम्हाला आयजीबीसीचं (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) सर्टिफिकेट फ्रेम करून दाखवलं. ते निघालं मेंबरशिपचं, फी भरली की मिळतं, मालाची तपासणी झाली असं त्यात कुठेही नाही.

पावती तर अजून भारी, त्यावर 'मटेरियल अ‍ॅडव्हान्स' लिहिलेलं. प्रायव्हेट कंपनीला असं लोकांकडून डिपॉझिट गोळा करता येत नाही, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे त्यासाठी, म्हणून ठेव हा शब्दच टाळलेला. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर कंपनीचं भांडवल फुकटात दिसतं, यांचं १ लाख, आणि गोष्टी कोटींच्या. आरबीआयच्या सचेत पोर्टलवर पण तक्रार टाकता येते, ज्यांनी कॅश दिली त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप चॅट अजिबात डिलीट करू नका, त्यांच्याकडे पुरावा तेवढाच आहे.

आता ऐकतोय की त्यांच्यातलाच एक जण फोंड्याकडे सोलर कौलांची स्कीम घेऊन फिरतोय, रेट तोच, अडीच टक्के.