चेरीचा जर्मन कीबोर्ड आणि मराठी इनस्क्रिप्ट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझा भाचा म्युनिकला असतो. सुट्टीवर येताना त्याने माझ्या सांगण्यावरून चेरी कंपनीचा 'जी ८०-३०००' हा कीबोर्ड आणला खरा, पण खोके उघडल्यावर कळले की तो जर्मन मांडणीचा आहे. वाय आणि झेड यांच्या जागा उलटसुलट, आणि उजव्या हाताशी डोक्यावर दोन टिंबे असलेली ओ, ए आणि यू ही अक्षरे. मी दिवसाचे सहा-सात तास अनुवादाचा मजकूर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीत, टंकित करते, त्यामुळे पहिले दोन दिवस नाराजीतच गेले. मग लक्षात आले की कळेवर काय छापले आहे याच्याशी इनस्क्रिप्टला काही देणेघेणे नसते. ती कळेची जागा पाहते. टिंबांच्या ओवर च, एवर ट आणि यूवर ड मुकाट्याने उमटतो. कळांवर देवनागरी अक्षरे नाहीत, पण ज्याची बोटे बसलेली आहेत त्याला ती लागतही नाहीत.

चेरी ही मुळात स्विच, म्हणजे कळ दाबल्यावर विद्युत-संपर्क जुळवणारे कळेखालचे भाग, बनवणारी कंपनी आहे, आणि हा कीबोर्ड वापरताना ते पदोपदी जाणवते. वॉल्टर चेरी यांनी १९५३ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथे एका उपाहारगृहाच्या तळघरात तिची सुरुवात केली. पुढे मुख्य कारभार जर्मनीत, बव्हेरियातील आउअरबाख या छोट्या गावी गेला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेल्या 'एमएक्स' स्विचने कंपनीचे नाव झाले. त्याचे पेटंट संपल्यावर चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले, इतके की आज बाजारातील बहुतेक मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असलेल्या, कीबोर्डांच्या कळा एमएक्सच्याच अधिक चिन्हासारख्या दांड्यावर बसतात. मधल्या काळात मालक बदलत गेले : २००८ मध्ये झेडएफ या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने चेरी घेतली, २०१६ मध्ये विकली, आणि २०२१ मध्ये तिचे समभाग फ्रँकफर्टच्या बाजारात आले.

स्विचचे प्रकार रंगांवरून ओळखले जातात. लाल आणि काळा सरळ खाली जातात, निळ्यात स्पष्ट 'टिक्' वाजते, आणि तपकिरीत वाटेत एक बारीक उंचवटा लागतो पण टिक् नसते. माझा तपकिरी आहे. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. त्यासाठी सुमारे ५५ सेंटिन्यूटन जोर पुरतो. आत सोन्याच्या मिश्रधातूचे दोन सूक्ष्म तुकडे एकमेकांना आडवे भिडतात आणि संपर्क जुळतो. एका स्विचचे आयुष्य किमान ५ कोटी दाबांचे असल्याचा कंपनीचा दावा आहे. तो तपासायला मला बहुधा पुढचा जन्म लागेल.

हे अर्ध्या वाटेवर अक्षर उमटणे मराठीसाठी किती महत्त्वाचे आहे, ते 'राष्ट्र' हा शब्द लिहून पाहावे. इनस्क्रिप्टमध्ये त्याला सात दाब लागतात : र, काना, शिफ्ट धरून ष, हलन्त, ट, पुन्हा हलन्त, र. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, डीच्या कळेवर आहे. माझ्या आधीच्या स्वस्त, रबरी घुमट्यांच्या कीबोर्डवर ही कळ पार तळाला टेकल्याशिवाय दाद देत नसे, आणि वर्षभरात ती इतकी मंदावली की वेगात लिहिले की पानावर 'राषटर' उमटायचे. जोडाक्षरांनी भरलेल्या सरकारी मराठीत असे किती शब्द सुटत असतील, याची कल्पना मुद्रिते तपासणाऱ्यांना नक्की येईल. नव्या कीबोर्डवर हा प्रकार जवळजवळ थांबला आहे.

जवळजवळ म्हणण्याचे कारण माझी बोटे. टायपिंगच्या वर्गात मी गोदरेजच्या मराठी यंत्रावर शिकले; तिथे अक्षर कागदावर उठण्यासाठी कळ हाणावीच लागे. ती सवय इतकी मुरलेली होती की पहिले महिनाभर मी प्रत्येक कळ तळापर्यंत ठोकत होते आणि तपकिरी स्विचचा सगळा फायदा वाया घालवत होते. साधारण सहाव्या आठवड्यात हात हलका झाला, आणि संध्याकाळी मनगटाला शेक देण्याची गरज हळूहळू कमी झाली. या कीबोर्डात स्विचखाली लोखंडी पत्रा नाही, ते थेट सर्किट बोर्डावर बसवलेले आहेत. त्यामुळे तळाचा आघात किंचित मऊ लागतो. खेळासाठी कीबोर्ड घेणारे याला पोकळ म्हणतात, मला मात्र हेच आवडले.

खरी अडचण आली ती डाव्या शिफ्टची. युरोपीय मांडणीत ती आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जादा कळ बसवलेली असते. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ ही महाप्राण अक्षरे उजव्या हाताकडे, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने धरायची. करंगळी सवयीने त्या जादा कळेवर पडे आणि 'झाले'चे 'जाले' होऊन बसे. दोन महिन्यांनी ती चूक थांबली, तरी मराठीत काम करणाऱ्याने लांब शिफ्टची अमेरिकी मांडणीच मागवावी. भाच्याला तेवढे सांगायचे राहून गेले, चूक माझीच.

बाकी सांगण्यासारखे थोडे आहे. तार कायमची जोडलेली आहे, दिवे नाहीत. निळा स्विच घरात कोणी झोपलेले असताना वापरू नये. तपकिरी चालतो, पण तोही शांत नाही, बंद दाराआडून ऐकू येतोच. कळा एबीएस प्लॅस्टिकच्या आहेत आणि ते प्लॅस्टिक वापराने चकाकते. नवव्या महिन्यात माझ्या कीबोर्डावर दोनच कळा आरशासारख्या झाल्या आहेत : ई आणि डी, म्हणजे काना आणि हलन्त.