चवथीची गर्दी, मग सामसूम: ॲप इंजिन आठ महिने वापरल्यावर

फोंड्याला भावोजींचं दुकान आहे, नारळ-केळी बारा महिने, पण खरा धंदा चवथीच्या आधीचे तीन दिवस, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं, सामान. त्यांच्या ऑर्डरींसाठी छोटं ॲप केलं आणि जुलैत गुगल ॲप इंजिनवर चढवलं, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर ॲप चालवायची सेवा, त्यातला स्टँडर्ड प्रकार, एफ१ हा सगळ्यात लहान क्लास. असल्या धंद्याला हे एकदम बरोबर बसतं, कोणी नसलं की इन्स्टन्स, म्हणजे ॲपच्या चालू प्रती, शून्य, गर्दी झाली की आपोआप दोन, तीन, चार.

बिलाचं मात्र आधी समजून घ्या. शेवटची रिक्वेस्ट, म्हणजे ॲपकडे आलेली मागणी, संपली तरी १५ मिनिटं मीटर चालूच राहतो, म्हणजे कोणी नुसता केळ्यांचा भाव बघून गेला तरी पाव तास गेला. रोज सगळ्या इन्स्टन्सचे मिळून २८ तास फुकट असतात त्यामुळे एरवी आम्हाला काही पडत नाही. पहिलं पान उघडायला वेळ लागतो म्हणून मी दर पाच मिनिटांनी पिंग, म्हणजे आपोआप जाणारी रिक्वेस्ट, लावलं होतं, ते काढलं, कारण मग इन्स्टन्स झोपतच नाही, २४ तास तिथेच जातात आणि गर्दीला उरतात ४. वॉर्मअप, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच इन्स्टन्स तयार करून ठेवायची सोय, पुढचे इन्स्टन्स उठवताना उपयोगी पडतो, शून्यावरून पहिला उठताना पहिल्या गिऱ्हाइकाला थांबावंच लागतं. चवथीच्या आठवड्यात कमीत कमी इन्स्टन्स (मिनिमम) १ ठेवला, जास्तीत जास्त (मॅक्स) ५, थोडं बिल आलं पण पटलं.

चूक झाली ती माझ्या कोडमध्ये. ऑर्डर नंबर साध्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नुसता इन्स्टन्सच्या मेमरीत, ठेवला होता. हरतालिकेच्या सकाळी दोन बायका मोबाइलवर ४१ नंबर दाखवत उभ्या, एकीला आंबाडे नि तोरिंगं ही माटोळीची फळं हवी होती आणि तिच्या हातात दुसरीची नारळांची पिशवी, भावोजींनी भर गर्दीत सगळ्या पिशव्या परत उघडल्या, मला फार वाईट वाटलं. दोन इन्स्टन्स चालू होते, दोघांची मेमरी वेगळी, दोघं आपापलं मोजत होते. जुलैतही इन्स्टन्स रात्री बंद झाला की सकाळी मोजणी १ पासून होत होती, ऑर्डरी कमी म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. त्याच दुपारी नंबर फायरस्टोर या गुगलच्या डेटाबेसमध्ये नेला, ट्रान्झॅक्शन लावून, म्हणजे दोघांनी एकदम मागितला तरी एकच नंबर दोघांना जात नाही, त्यानंतर एकदाही डबल नाही. लक्षात राहावं असं काही इन्स्टन्सच्या मेमरीत ठेवूच नका, तो कधीही बंद होतो.

आता मिनिमम परत ० आहे. सकाळी शटर वर करताना ताईच एकदा मोबाइलवर पान उघडते, वाट बघायची ती तीच बघते, आणि पाव तासाच्या आत केळ्यांच्या ऑर्डरी सुरू होतातच.